कुत्र्याची छत्री आणि बैलाची झूल

मराठीने कुत्र्याच्या नावावर पावसाळ्याचं सामान दिलंय ते एकच. पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की कुजक्या लाकडावर, उकिरड्यावर रातोरात उगवणारी ‘कुत्र्याची छत्री’. तिच्याखाली उभं राहून कुठलं कुत्रं कोरडं राहिल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही. त्याच मराठीने बैलाला झूल दिली, माणसाला घोंगडी दिली, कोकणात इरलं दिलं, आणि कुत्र्याची बोळवण मात्र एका भूछत्रावर केली.

आता नवीन जालन्यातही थंडीच्या दिवसांत पट्ट्याला बांधलेलं एखादं कुत्रं लाल-निळ्या स्वेटरमध्ये फिरताना दिसलं, तर लोक थांबून पाहतात. कुणी हसतं, कुणी मोबाइल काढतं. एखादी आजी ‘ह्याला काय थंडी वाजते का?’ असं विचारून मोकळी होते. प्रश्न मात्र आजीला वाटतो तितका पोरकट नाही. जनावराच्या अंगावर कापड घालण्याची रीत या गावाच्या आसपास काही शतकांची आहे. ते कापड कुणाच्या अंगावर चढलं, कशासाठी चढलं आणि कुत्र्यापर्यंत पोचायला त्याला इतका वेळ का लागला, ही गोष्ट बरीच लांबची आहे.

सुरुवात गावाच्या नावापासूनच करता येते. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. नव्या बाजूचं कादराबाद हे एके काळी वेगळं, दगडी तटाचं, व्यापाऱ्यांचं गाव होतं. जालन्याची दंतकथा अशी की इथे सीतेचा मुक्काम होता, म्हणून गावाला जनकपूर म्हणत. पुढे एका श्रीमंत विणकराने, म्हणजे जुलाह्याने, गावासाठी बरंच काही केलं आणि गाव त्याच्या धंद्याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. दंतकथेला पुरावा मागू नये, पण कापूस पिकवणाऱ्या, सरकी काढणाऱ्या आणि कापडाचा व्यापार करणाऱ्या या गावाने स्वतःचं नाव विणकराकडून घेतल्याचं सांगावं, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

‘झूल’ या शब्दाचं मूळ अरबी ‘जुल्ल’मध्ये सांगतात. जनावराच्या पाठीवरचं पांघरूण, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रज अंमलदारांच्या तोंडी रुळलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश १८८६ साली निघाला, त्यातही हा शब्द आहे. घोडा, हत्ती किंवा इतर पाळीव जनावर, कुणाच्याही अंगावरच्या कापडाला झूल म्हणतात, असं तो सांगतो. इतर पाळीव जनावर म्हटल्यावर व्याकरणाने कुत्राही त्यात बसतो. व्यवहाराने तो कधी बसला नाही.

व्यवहारातली झूल बघायची तर पोळ्याला. श्रावणातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदेमळण होते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी बैल धुतात, शिंगांना हिंगूळ लावतात, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा, नवी वेसण, नवा कासरा, आणि सगळ्यात शेवटी पाठीवर झूल. आरसे लावलेली, रंगीत दोऱ्याने भरलेली, काठाला गोंडे. पोळा येतो तो पावसाळ्यातच. मिरवणुकीत सर आली की अनेक घरांत आधी झूल काढून घडी घालून ओसरीत ठेवतात, मग बैल आत घेतात. भिजलेला बैल वाळतो, भिजलेली झूल रंग सोडते. म्हणजे पावसात घालायची ती झूल नव्हेच. वर्षभराच्या कष्टाचा तो एका दिवसाचा मान. खरी थंडी पडल्यावर आजारी बैलाच्या किंवा नुकत्या जन्मलेल्या वासराच्या पाठीवर जे बांधतात ते गोणपाट असतं, आणि त्याला कुणी झूल म्हणत नाही.

हा मान आणि ऊब यांतला फरक मोगलांच्या कागदांतही दिसतो. गॅझेटियरच्या नोंदीप्रमाणे ‘आईन-ए-अकबरी’चा लेखक अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता. त्याच्या या ग्रंथात बादशाही हत्ती-घोड्यांच्या साजाची बारीक यादी आहे. हत्तीच्या पोलादी चिलखतावर घालायच्या ‘गजझंप’ नावाच्या आच्छादनापर्यंत ती जाते. कुत्र्यांसाठीही त्याने जागा राखली आहे. अकबराला कुत्री आवडत. काबूलकडून, विशेषतः हजारा मुलखातून ती मागवली जात. त्यांना नावं ठेवत, अलंकारही घालत. खाशा कुत्र्याला रोज दोन शेर मांस, इतरांना दीड शेर. ‘ताजी’ जातीच्या दोन शिकारी कुत्र्यांमागे एक सांभाळणारा आणि त्याचा पगार महिन्याला १०० दाम. जालन्यात मुक्काम केलेल्या माणसाने कुत्र्याचा खुराक शेरांत मोजून ठेवला, ही गोष्ट आज कुत्र्यावर होणाऱ्या खर्चाला नाक मुरडणाऱ्यांना सांगण्याजोगी आहे.

पण मराठी इतिहासात अंगावर कापड चढलेला सगळ्यात नामांकित कुत्रा जालन्याचा नाही. तो साताऱ्याचा.

छत्रपती शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याची हकिगत दिली आहे. वाघाच्या शिकारीत कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला होता. त्याबद्दल महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला आणि पालखीचा सगळा सरंजाम खरोखर चालूही ठेवला. पुढे एकदा भरदरबारात मराठे सरदार येणार होते. त्या वेळी महाराजांनी कुत्र्याला जरीचं वस्त्र घातलं, दागिन्यांनी मढवलं आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफ याला वेडाचा झटका म्हणतो आणि पुढे सांगतो की त्यानंतर महाराजांनी स्वतःच्या डोक्यावर काहीही घातलं नाही. डफ साहेबाचं निदान आपण जसंच्या तसं घ्यायला हवं असं नाही. आपसांत भांडणाऱ्या सरदारांना मुकाट्याने काही सुनावायचं असेल, तर यापेक्षा बोलकी पगडी कुठली? लोक हा कुत्रा खंड्या नावाने ओळखतात. संगम माहुलीला, कृष्णेच्या काठी, महाराजांच्या समाधीजवळ त्याचीही आठवण दगडात राखलेली आहे.

खंड्याचं जरीचं वस्त्र बैलाच्या झुलीच्याच जातीचं होतं. साताऱ्याची हवा थंड असली तरी ते काही थंडीसाठी चढवलेलं नव्हतं.

थंडी-पावसाशी ज्याची रोजची गाठ, तो कुत्रा धनगराचा. त्याचा विचार केल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. मेंढरांचा वाडा उघड्या रानात बसतो. मेंढरं मध्ये, माणसं एका कडेला, आणि कुत्री बाहेरच्या अंगाला, जिकडून लांडगा येणार तिकडे. धनगराच्या खांद्यावर घोंगडी असते. काळ्या, राठ दख्खनी लोकरीची. विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ती ताठ होते आणि पाणी चटकन आत शिरू देत नाही. पाऊस आला की तिची खोळ करून डोक्यावरून घ्यायची. ही घोंगडी विणणाऱ्या धनगरांना खुटेकर म्हणतात, मागासाठी रोवलेल्या खुंट्यांवरून. म्हणजे लोकर घरची, विणकर नात्यातला, आणि तरी कुत्र्याच्या वाट्याला घोंगडीचा तुकडा नाही. गळ्यात असला तर लांडग्याने नरडं धरू नये म्हणून काटेरी पट्टा.

याला कंजुषी म्हणता येणार नाही. पावसाबद्दल धनगराचा विचार वेगळाच आहे: जनावराला कापड घालण्यापेक्षा जनावर पावसातून हलवावं. पश्चिम महाराष्ट्रातले मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळा तोंडावर आला की पुन्हा वर चढून माणदेशासारख्या कोरड्या मुलखात येतात. दख्खनी मेंढीला सततचा ओलावा सोसत नाही, तिचे खूर कुजतात. मेंढरांबरोबर माणूस चालतो, घोडा चालतो, कोंबड्या घोड्याच्या पाठीवर बसून जातात, आणि कुत्राही आपसूक पावसाच्या वाटेतून बाजूला होतो. शेकडो मैल चालून जो पाऊस टाळला, त्यासाठी रेनकोट शिवायचं कारणच उरत नाही.

मानाची कमतरता मात्र इथेही नव्हती. खंडोबा हा धनगरांचा देव आणि कुत्रा त्याच्या सोबतीला. गुंटर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्यातली कितीतरी वर्षं हे धनगर आणि त्यांचा खंडोबा समजून घेण्यात घालवली. खंडोबाचे वाघ्ये देवाची कुत्री म्हणवून घेतात, भुंकतात, कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षेच्या पात्रातलं, खातात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य होतो आणि त्यातला घास कुत्र्यालाही घालतात. मार्गशीर्ष म्हणजे मराठवाड्यात थंडीने जोर धरायचे दिवस. त्या दिवसांत बाजरी पोटात जाणं हा कुठल्याही स्वेटरइतकाच थंडीवरचा उपाय आहे, हे नैवेद्य ठरवणाऱ्यांच्या ध्यानात असो वा नसो.

जालन्यात साहेबाचा कुत्रा आला तो लष्कराच्या मागून. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं. त्याच महिन्याच्या २३ तारखेला, आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात असलेल्या असईला आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजांची लढाई झाली. पुढे १८२७ साली गावाच्या पूर्वेला छावणी बसली. १९०३ साली हैदराबाद कंटिन्जंट फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि छावणी उठली. मधली पाऊणशे वर्षं लष्करी बंगले, तबेले आणि सदर बाजार यांची.

अशा छावण्यांमधून शिकारीसाठी कुत्र्यांचे कळप पाळायची चाल होती. ज्यांना विलायतेहून जातिवंत हाउंड मागवणं परवडत नसे, ते सापडतील ती कुत्री जमवत. एक ग्रेहाउंड, दोन टेरियर, तीन गावठी. अशा भेसळीच्या कळपाला ‘बॉबरी पॅक’ म्हणत. हॉब्सन-जॉब्सनच्या मते हा ‘बॉबरी’ म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं ‘बाप रे!’ आहे. कळप सुटला की बघणाऱ्यांच्या तोंडून जे निघायचं, तेच बहुधा त्याचं नाव झालं. कुत्री सांभाळणाऱ्याला ‘डोरिया’ म्हणत, दोरी धरणारा तो डोरिया. या साहेबांची कुत्र्यांबद्दलची खरी चिंता थंडीची नव्हतीच, ती उन्हाची होती. विलायती हाउंड मैदानी मुलखातल्या उन्हाळ्यात माना टाकत, म्हणून त्यांना उटीसारख्या थंड जागी नेत किंवा मेलेल्यांच्या जागी नवी मागवत. दाट केसांचं कुत्रं दख्खनमध्ये आणून मारणं, हा उद्योग दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाला. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या गावात सायबेरियन हस्की पाळणाऱ्यांनी तो अजून थांबवलेला नाही.

जालन्याची छावणी उठली, पण तिचं नाव भलत्याच थंड देशात जाऊन राहिलं. माझो द ला रॉश या कॅनेडियन लेखिकेची ‘जालना’ ही कादंबरी १९२७ साली आली. अमेरिकेतल्या ‘अटलांटिक मंथली’ने जाहीर केलेलं १०,००० डॉलरचं बक्षीस तिला मिळालं आणि पुढे तिच्यातल्या व्हाइटओक घराण्यावर एकूण १६ कादंबऱ्या झाल्या. कॅप्टन फिलिप व्हाइटओक आणि अ‍ॅडलिन यांची भेट जालन्याच्या छावणीत होते, म्हणून ते ओंटारिओत बांधलेल्या घराला जालना नाव देतात. अ‍ॅडलिनने हिंदुस्थानातून आणलेला बोनी नावाचा पोपट तिथे हिंदुस्थानीत शिव्या देतो. घरभर कुत्री आहेत. क्लंबर स्पॅनियल आहेत, यॉर्कशायर टेरियर आहे, घर बांधण्याच्या काळात न्यूफाउंडलंड जातीचा नीरोही आहे. लेखिकेसमोर नमुना म्हणून जे खरं घर होतं, त्याचं नावही हिंदुस्थानीच: बनारस. टोरांटोजवळच्या मिसिसॉगात ते आज वस्तुसंग्रहालय आहे.

कादंबरीतली ही कुत्री इथे कामाला येतात, कारण कोट लागतो कुणाला याचा उलगडा त्यांच्या जातींवरून होतो. न्यूफाउंडलंडला दुहेरी केस असतात. आत मऊ, दाट लव आणि वर तेलकट, लांब केस. बोटांमध्ये पडदे. बर्फाळ पाण्यात उडी मारून बुडणाऱ्याला ओढून आणण्यासाठी हे कुत्रं प्रसिद्ध आहे. त्याला स्वेटर घालणं म्हणजे धनगराला घोंगडीवर रजई देणं. यॉर्कशायर टेरियरचे केस लांब असले तरी आतली लव नसल्यासारखीच. शिवाय देह एवढासा. देह जितका लहान, तितकं वजनाच्या मानाने कातडं जास्त आणि तितकी उष्णता लवकर बाहेर जाते. कॅनडातच काय, महाबळेश्वरच्या जानेवारीतही असं कुत्रं कापतं.

आपल्याकडच्या जातींपैकी हा विचार सगळ्यात आधी करावा लागतो तो कारवानी कुत्र्याचा. लातूरकडे त्याची चांगली पैदास आहे. कर्नाटकातल्या मुधोळला घोरपडे संस्थानिकांनी त्याच वळणाचं कुत्रं नावारूपाला आणलं. २००५ साली मुधोळ हाउंडवर टपाल तिकीट निघालं, पुढे लष्करानेही ही कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. उंच, सडपातळ, पोट आत गेलेलं, कातडं पातळ, केस आखूड, अंगावर चरबी नावालाही नाही. सशामागे धावण्यासाठी घडलेलं शरीर ऊब साठवायला निरुपयोगी. याच घराण्यातला ‘पश्मी’ कान-शेपटीला रेशमी झुपके घेऊन येतो. नावही फारसीतल्या ‘पश्म’वरून, म्हणजे लोकर, ज्यावरून पश्मीना आला. पण झुपके दिसायला लोकरीचे असले तरी पाठ आणि पोट उघडंच.

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. हो, वाजते. पण सगळ्यांना सारखी नाही. डिसेंबर-जानेवारीत जालन्याची रात्र साधारण १० अंशांच्या आसपास उतरते, लाट आली तर आणखी खाली. एवढ्या थंडीत पोट भरलेलं, धडधाकट, तरणं गावठी कुत्रं कोरड्या आडोशाला अंगाची वळकटी करून, नाक शेपटीत खुपसून रात्र काढतं. पंजे गारठत नाहीत, कारण त्यांच्यातल्या धमन्या आणि शिरा एकमेकींना बिलगून असतात आणि परतणारं गार रक्त वाटेतच गरम होतं. जपानी संशोधकांनी २०११ साली ही रचना उलगडून दाखवली. पिल्लू, म्हातारं, आजारी, केस काढलेलं, आखूड केसांचं सडपातळ किंवा अगदी लहान चणीचं कुत्रं असेल तर मात्र अंगावर काहीतरी घालावं. ते लाडापोटी नव्हे, गरजेपोटी.

पावसाचं गणित निराळं. केसांची ऊब ही मुळात केसांत अडकलेल्या हवेची ऊब. पाणी शिरलं की हवा जाते, ऊबही जाते. म्हणून कुत्रं अंग झाडतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या अभ्यासकांनी २०१२ साली मोजून सांगितलं की ओलं कुत्रं चारेक सेकंदांत अंगावरचं जवळपास ७० टक्के पाणी उडवून टाकतं. कुठल्याही टॉवेलला हे जमत नाही. पण तेच कुत्रं ओल्याचिंब कोटात बांधलेलं असेल तर झाडणार काय? पाणी आतच राहतं, बगलेत घासून कातडं सोलतं, बुरशी धरते, कापडाखाली गोचिडांचं फावतं. बाजारात मिळणाऱ्या ज्या रेनकोटांना आतून सुती किंवा लोकरी अस्तर असतं, ते एकदा भिजल्यावर नसलेले बरे. सर येताच बैलाची झूल काढून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

गंमत अशी की मान म्हणून चढलेली झूल आणि गरजेचं गोणपाट यांतला जुना घोळ आजही तसाच चालू आहे. वाढदिवसाला टोपी-चष्म्यासह सजवलेला, हौसेने फोटो काढलेला गुबगुबीत लॅब्राडॉर हा खंड्याच्या दरबाराचा वारस आहे. त्याला थंडी वाजत नाही, धन्याला कौतुक वाटतं, आणि घटकाभराने कपडे काढणार असाल तर त्यात वावगं काही नाही. त्याच गल्लीत मिठाईवाल्याची भट्टी विझल्यावर राखेत जागा पकडण्यासाठी जी कुत्री एकमेकांवर गुरगुरतात, त्यांना खरं गोणपाट हवं असतं.

या थंडीत नवीन जालन्यात कुणाच्या ओट्यावर असं कुत्रं येऊन बसलं, तर स्वेटर विणत बसायचं कारण नाही. सरकीचं किंवा धान्याचं रिकामं पोतं दुहेरी घडी करून, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात, फरशीवर नव्हे तर फळीवर टाका. आणि ते ओलं झालं तर सकाळी उन्हात घाला.